नटावरची रेघ

१

मास्तर दुपारचं जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. नाकात ऑक्सिजनची नळी होती, उशाशी मशीन होतं, आणि मशीन बंद पडलेलं होतं. काकू धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन आल्या तेव्हा मशीनची घरघर ऐकू येत नाही हे आधी त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी नवऱ्याच्या छातीवर हात ठेवला.

हे सगळं घडलं एका घरगाडीत. घरगाडी म्हणजे बसएवढी गाडी, आत दोन पलंग, ओटा, सिंक आणि जेमतेम वळता येईल एवढी न्हाणी. सगळे मास्तर म्हणत, पण ते आयुष्यभर बसडेपोत इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने ही गाडी घेतली, काकूंना घेऊन मनसोक्त भटकले, आणि फुप्फुसांनी दगा दिल्यावर गावाबाहेरच्या तळावर ती कायमची उभी केली. त्या तळावर अशा गाड्या रांगेने उभ्या असतात. प्रत्येकीच्या शेजारी विजेचा खांब आणि पाण्याचा नळ असतो. बहुतेक लोक सुटीपुरते येतात आणि जातात. मास्तर-काकू तिथेच राहिले.

त्या दुपारी लाइनच्या कामासाठी वीज जाणार होती आणि फाटकावर तशी पाटीही लावली होती. त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं, कारण गाडीत घरची बॅटरी होती, काठोकाठ भरलेली. मशीन तिच्यावर संध्याकाळपर्यंत आरामात चाललं असतं. पण बॅटरीच्या टर्मिनलवर केबलचा जो क्लॅम्प बसवतात तो ढिला होता. वीज गेली, सगळा भार बॅटरीवर आला, ढिला जोड तापला आणि इन्व्हर्टरने मान टाकली.

मी इन्स्पेक्टर असल्यामुळे लोक मला खून शोधून देतात. इथे तो मास्तरांच्या मुलाने शोधून ठेवला होता. तो शहरात राहतो, बातमी कळताच धावत आला आणि आल्याआल्या त्याने बॅटरीच्या कप्प्याचं झाकण उघडून क्लॅम्प हलवून पाहिला. आदल्या दिवशी तो आईवडिलांना भेटायला आला होता, तेव्हा तळाचा वायरमन हेच झाकण बंद करताना त्याला लांबून दिसला होता. हातात पाना होता.

"माझ्या वडिलांच्या हातचा नट कधी ढिला राहिलेला नाही, मॅडम," तो म्हणाला. "हा कुणीतरी ढिला केलाय. आणि कुणी ते मी पाहिलंय."

मी पोचेपर्यंत मॅनेजरने वायरमनला ऑफिसात बसवून बाहेरून कडी घातली होती, आणि वायरमनच्या बायकोला खोली रिकामी करायला सांगूनही टाकलं होतं. तळाच्या मागच्या भिंतीला टेकून त्यांची एक खोली होती. ती बिचारी दारात उभी राहून कढया गोणपाटात भरत होती. नवरा तुरुंगात आणि संसार रस्त्यावर, एवढं सगळं एका ढिल्या नटावर येऊन ठेपलं होतं.

२

वायरमन हा पस्तिशीचा, खालमानेचा माणूस. मी विचारलं, तू झाकण उघडलंस का? हो म्हणाला. नटाला पाना लावलास का? नाही म्हणाला. मग उघडलंस कशाला? यावर त्याच्या तोंडाला कुलूप लागलं. मी आवाज चढवला, गोड बोलून पाहिलं, चहा मागवला. त्याने चहासुद्धा घेतला नाही.

असा माणूस एक तर पक्का गुन्हेगार असतो, नाही तर कुणाला तरी पाठीशी घालत असतो. दोन्ही प्रकारांनी माझं डोकं सारखंच उठतं.

मी त्याला जीपमध्ये बसवलं आणि गाडीकडे गेले. बॅटरीचा कप्पा दाराच्या पायरीलगतच होता. सगळं कसं लख्ख. बॅटरीवर जमतो तो पांढरा-हिरवा क्षार औषधालाही नव्हता, सोड्याच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने घासलेलं दिसत होतं. टर्मिनलवर, क्लॅम्पवर आणि नटावर ग्रीसचा हात फिरवलेला. हे सगळं मास्तर महिन्यातून एकदा स्वतः करायचे आणि या खेपेचं त्यांनी दोनच दिवसांपूर्वी केलं होतं, असं काकूंनी सांगितलं होतं.

क्लॅम्प मी दोन बोटांनी हलवला तर हलत्या दातासारखा डुगडुगला. टर्मिनलच्या बाजूला काळा डाग पडला होता आणि तिथलं ग्रीस वितळून खाली ओघळलं होतं. नटावरचं ग्रीस मात्र जसंच्या तसं होतं. बोट फिरवल्याच्या रेघासुद्धा त्यावर स्पष्ट दिसत होत्या. नट ढिला करायला पाना लावावाच लागतो, आणि पाना लागला की ग्रीस पुसलं जातं. इथे कुठेतरी पाणी मुरत होतं.

ग्रीसच्या खाली नटावर एक बारीक लाल रेघ होती. नटाच्या डोक्यावरून निघून ती खाली क्लॅम्पवर उतरली होती. कंपनीची काही खूण असेल म्हणून मी सोडून दिलं.

मग सहज म्हणून पुढे जाऊन इंजिनाची बॅटरी पाहिली. घरगाडीत बॅटऱ्या दोन असतात, एक घरासाठी आणि एक इंजिनासाठी. इंजिनाच्या बॅटरीचाही क्लॅम्प डुगडुगत होता. तिथेही नटावरचं ग्रीस शाबूत होतं. आणि तिथेही ती लाल रेघ होती.

इंजिनाच्या बॅटरीशी मशीनचा काडीचा संबंध नाही. मास्तरांचा जीव घ्यायला निघालेला माणूस तिकडे कशाला तडफडेल?

३

मॅनेजर बोलका निघाला. विचारलं त्याची उत्तरं दिली आणि न विचारलेलंही सांगितलं. वायरमनचं आणि मास्तरांचं बिनसलं होतं म्हणे. गेल्या महिन्यात नळावर चार लोकांदेखत मास्तरांनी त्याला झाडलं होतं. वायरमनचा गुन्हा एवढाच की तो म्हणाला होता, या महिन्यात तुमच्या बॅटऱ्या मी बघू का. मास्तरांनी विचारलं होतं, मी मेलो का?

वीज इथे नेहमी जाते का, असं मी विचारलं. तो म्हणाला, आठवड्यातून एकदा तरी जातेच, पण मास्तरांचं मशीन कधी हूं की चूं करत नव्हतं.

मग त्याने आवाज खाली आणला. मास्तर या वयात भलतेच रंगात आले होते, असं त्याचं म्हणणं. तळाच्या दुकानातून त्यांनी मागच्याच महिन्यात नेलपॉलिश नेलं होतं, तेही लालभडक. काकूंच्या नखांना जन्मात कधी रंग लागला नाही, तेव्हा ते कुणासाठी हे तुम्हीच ओळखा. एवढं बोलून त्याने शेजारच्या गाडीकडे डोळ्याने खुणावलं.

शेजारच्या गाडीत एक बाई कुत्र्यासह राहत होत्या. मी त्यांची नखं पाहिली. कुत्र्याच्या अंघोळीने झिजलेली, रंगाचा मागमूस नाही. दुपारी त्यांना बारीक शिटी ऐकू आली होती, काही वेळाने ती बंदही झाली. त्यांना वाटलं कुणाच्या तरी कुकरची असेल. ती मशीनची धोक्याची शिटी होती हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी कुत्र्याला जवळ ओढलं. कपडे धुण्याची खोली तळाच्या दुसऱ्या टोकाला, आत मशीनं धडधडत असतात, तिथे काकूंना ती शिटी ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

परत येताना माझ्या डोक्यात मास्तरांचं नेलपॉलिश घोळत होतं. आणि मग एकदम ती रेघ डोळ्यांसमोर आली.

मी मुलाला गाडीच्या पुढच्या बाजूला बोलावलं आणि इंजिनाच्या बॅटरीवरची लाल रेघ दाखवली. त्याने ती लगेच ओळखली. डेपोत बसची चाकं बसवली की शेवटचा नट घट्ट करणारा माणूस नटावरून अशी रंगाची रेघ ओढायचा, त्याने सांगितलं. लहानपणी बाबांनी त्याला ती कितीदा तरी दाखवली होती. रेघेचा अर्थ, हा नट मी घट्ट केलाय, जबाबदारी माझी, दुसऱ्याने हात लावायचा नाही. नंतर कुणी नट जरासा जरी फिरवला तरी वरची रेघ आणि खालची रेघ जुळत नाहीत.

"आणि इथे?" मी विचारलं.

त्याने वाकून पाहिलं. मग घरच्या बॅटरीचंही झाकण उघडून पाहिलं. दोन्हीकडे रेघ अखंड होती.

"म्हणजे बाबांनंतर याला कुणीच हात लावलेला नाही," तो म्हणाला. स्वतःच्या तोंडून काय निघालं ते त्याला उशिरा कळलं आणि त्याचा चेहरा उतरला.

४

वायरमन सुटला, असं मला वाटलं. पण मुलगा ऐकायला तयार नव्हता. बाबांचा नट ढिला राहणं शक्य नाही, ही काहीतरी चलाखी आहे, रेघ पुसून पुन्हा मारली असेल, असं तो घोकत राहिला. कोर्टातही कुणीतरी हेच म्हणालं असतं. नट मास्तरांच्याच हातून ढिला राहिला हे मला दाखवून द्यायला हवं होतं, नाही तर वायरमनच्या मानेवरचं जोखड निघत नव्हतं.

मी गाडीत चढले. काकू पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. त्यांच्यासाठी चहा करावा म्हणून मी ओट्याकडे वळले आणि साखरेचा डबा उचलला. झाकण माझ्या हातात आलं आणि डबा तिथेच राहिला. चहापत्तीच्या डब्याचं तेच. तेलाची बाटली, लोणी, बिस्किटं, औषधांच्या बाटल्या, सगळ्यांची झाकणं नुसती वर ठेवलेली. एकही फिरवून लावलेलं नाही.

सिंकच्या नळाला चमच्याचा दांडा बांधून लांब मूठ केली होती. खुंटीवर मास्तरांचे सदरे होते, त्यांच्या बटणांच्या आतून वेल्क्रोच्या पट्ट्या शिवल्या होत्या. बटणं नुसती शोभेला.

चहा तसाच राहिला. मी बाहेर आले आणि मुलाला विचारलं, वडिलांच्या हातांना काय झालं होतं? तो काही नाही म्हणाला. मी पुन्हा विचारलं. तेव्हा तो पायरीवर बसला आणि बोलायला लागला. दोन वर्षं झाली, बाबा त्याच्याकडून कप हातात घेत नव्हते, खाली ठेव म्हणायचे. एकदा त्यांच्या हातून पाना पडला तेव्हा याने पाठ फिरवून फोनवर बोलण्याचं नाटक केलं. तेव्हापासून तो दर भेटीत घरी चला म्हणून भांडायचा. डॉक्टर लांब आहे, थंडी फार आहे, नाही नाही ती कारणं काढायचा. हातांचं एकदाही बोलला नाही.

"त्यांना कसं सांगणार, मॅडम? हातांवरच तर त्यांची सगळी मिजास होती."

आता नट का ढिला राहिला ते कळलं. पण दुसराच प्रश्न उभा राहिला. दोन वर्षं हातांत जोर नव्हता, दर महिन्याला मास्तर बॅटऱ्या खोलून पुसून पुन्हा बसवत होते, आठवड्याला वीज जात होती. मग मशीन आजवर बंद का पडलं नाही?

५

काकूंनी धुऊन आणलेले कपडे अजून बादलीत पिळे होऊन पडले होते. मी ते दोरीवर टाकायला घेतले. त्याने त्यांना जरा बरं वाटेल आणि मला विचार करायला वेळ मिळेल असा माझा हिशेब होता.

काकूंच्या तिन्ही घरच्या झग्यांना पोटापाशी बारीक बारीक भोकं होती. उंदराने कुरतडल्यासारखी नव्हती, फाटल्यासारखीही नव्हती. ठिणगी पडावी तशी, पण कडा काळ्या नव्हत्या. बॅटरीवर वाकून काम करणाऱ्याच्या कपड्यांना तिचं ॲसिड लागतं. तेव्हा काही दिसत नाही, धुतल्यावर तिथला कपडा गळून पडतो. आमच्या ठाण्यातल्या जीपच्या ड्रायव्हरचे सगळे शर्ट असेच आहेत. मास्तरांच्या कपड्यांना अशी भोकं असती तर मला नवल वाटलं नसतं.

बॅटरीतलं मला काही कळत नाही, मी तिकडे फिरकतही नाही, असं काकूंनी मला आल्याआल्याच सांगितलं होतं.

मी झगा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि शेजारी बसले. मला काही विचारावं लागलं नाही.

मास्तर काम उरकून झोपले की काकू जाऊन प्रत्येक नट पुन्हा आवळायच्या. मग ग्रीसचा हात फिरवून वरून सारखं करायच्या, त्यांच्यासारखंच. दोन वर्षं हे चाललं होतं. मास्तर उठून झाकण उघडून बघायचे आणि म्हणायचे, बघ, अजून नट माझं ऐकतात. काकू हो म्हणायच्या.

"मग गेल्या महिन्यात ह्यांना कुठून तरी शंका आली," काकू म्हणाल्या. "ती लाल रेघ मारून ठेवली. ग्रीसखाली पुसट होती, घाईत माझ्या लक्षात आली नाही. मी नेहमीसारखं आवळलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी ग्रीस पुसलं, तर रेघ तुटलेली."

"रागावले?"

"रागावले असते तर बरं झालं असतं. दोन दिवस बोलले नाहीत. मग माझ्याकडून शब्द घेतला, आता हात लावायचा नाही. म्हणाले, मला दम लागतो हे जगाला दिसतं, निदान एवढं तरी माझं राहू दे."

त्यांनी शब्द दिला. या खेपेला मास्तरांनी पुन्हा बॅटऱ्या केल्या, पुन्हा रेघा मारल्या. वीज जाणार ही पाटी काकूंनी वाचली होती. शब्द मोडवेना आणि जीव राहवेना. म्हणून त्या आदल्या दिवशी वायरमनकडे गेल्या आणि कुणाला सांगू नकोस अशी गळ घालून त्याला म्हणाल्या, तू एकदा बघून घे. तो गेला, परत आला, आणि म्हणाला, काकू, घट्ट आहे.

"म्हणून मी निर्धास्त कपडे धुवायला गेले. आता तुम्ही सांगताय तो ढिला होता. मग त्यानेच काहीतरी बिघडवलं ना? दुपारपासून मी हेच म्हणतेय मनाशी. पण तोंडाने बोलायचं तर ह्यांच्या हातांचं सांगावं लागलं असतं."

वायरमन त्यांच्यासाठी गप्प होता आणि त्या नवऱ्यासाठी. या गप्प बसण्यापायी एक निरपराध माणूस खुनाच्या आरोपात जायला निघाला होता. मला काकूंचा राग यायला हवा होता. त्यांच्याकडे बघून तो येईना.

मी त्यांना एवढंच सांगितलं की रेघ अखंड आहे. वायरमनने काही बिघडवलं नाही. त्याने नटाला हातच लावला नाही.

काकूंना अर्थ लागायला वेळ लागला. लागला तेव्हा त्या उठल्या आणि मला जीपकडे घेऊन चला म्हणाल्या.

६

मी वायरमनला खाली उतरवलं. मुलगाही आला, मॅनेजरही आला. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. नट मास्तरांच्या हातून ढिला राहिला. त्यांच्या हातांत जोर उरला नव्हता. दोन्ही बॅटऱ्या सारख्याच ढिल्या, दोन्हींवरचं ग्रीस आणि रेघ शाबूत, म्हणजे त्यांच्यानंतर कुणी पाना लावलेला नाही. हा अपघात आहे आणि मी तसंच लिहिणार आहे. मॅनेजरला म्हटलं, याच्या बायकोला कढया परत आत नेऊ द्या.

 मुलाने पुढे होऊन वायरमनची माफी मागितली, नीट, हात धरून. वायरमन त्याच्याकडे बघतही नव्हता. तो काकूंकडे बघत होता.

"झाकण उघडलं तेव्हा मास्तर दाराच्या आत खुर्ची टाकून बसले होते," तो म्हणाला. "म्हणाले, रेघ दिसली ना? मग लाव झाकण. पाना हातात कसा धरायचा हे मला त्यांनी शिकवलंय, काकू. त्यांच्यासमोर त्यांचा नट हलवून बघायचा? माझ्याच्याने नाही झालं. मला वाटलं, एवढा जन्म गेला या कामात, घट्टच असेल."

"आणि मला काय सांगितलंस?"

"घट्ट आहे म्हणून."

काकू शांत आवाजात बोलल्या. त्या ओरडल्या असत्या तर आम्हा सगळ्यांनाच सोपं गेलं असतं.

"बघितलं नाही, एवढंच म्हणाला असतास तर मी शब्द मोडला असता रे. त्यांनी पुन्हा बोलणं टाकलं असतं. टाकू देत की. इथे बसून न बोलता तरी राहिले असते."

एवढं बोलून त्या गाडीकडे परत गेल्या. मुलगा त्यांच्या मागून गेला. वायरमनला मी दोनदा सांगितलं की तू मोकळा आहेस, घरी जा. तो जीपच्या चाकाशी बसून राहिला. शेवटी त्याची बायको येऊन त्याला उठवून घेऊन गेली.

कागदपत्रांसाठी मला पुन्हा तळावर जावं लागलं. काकू मुलाकडे गेल्या होत्या. वायरमनची खोली रिकामी होती. मॅनेजर माझ्यावरच वैतागला. म्हणाला, मी स्वतः जाऊन राहा म्हणालो, पगारही वाढवतो म्हणालो, तरी बायकोला आणि सामानाला टेम्पोत घालून निघून गेला. कुठे गेला ते सांगितलं नाही, दुसरं काम बघितलंय का तेही नाही. जाताना म्हणाला, आता कुणी मला घट्ट आहे का विचारलं तर मी काय सांगू?

"पण तुम्ही तर त्याला सोडवलंत ना, मॅडम?" मॅनेजरने विचारलं.

मी हो म्हटलं आणि सही केली. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला पहिल्यांदाच वाटलं की या प्रकरणात एखादा हरामखोर सापडायला हवा होता. मी त्याला आत टाकलं असतं आणि बाकीचे कसेबसे जगले असते.